निद्रेचे रहस्य उकलणारा गोमंतकीय : आबे फारिया

पणजीस मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयालगत एक पुतळा आहे. पायघोळ झगा घातलेला एक धर्मोपदेशक हात पसरून उभा आहे आणि त्याच्यापुढे एक स्त्री निद्रेच्या अधीन होत आहे. गोमंतकीय शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांची ही कृती १९४५ साली तेथे उभारण्यात आली. शिल्प उत्तमच आहे. परंतु ते पाहून पुष्कळांना एखाद्या जादूगाराची आठवण होते, हे त्या पुरुषाचे दुर्दैव म्हटले पाहिजे. कारण आपल्या हातांत कोणतीही जादू नाही, हेच लोकांना पटविण्यात त्याची अखेरची वर्षे खर्ची पडली.

जुझे कुस्तोदियो द फारिया यांचा जन्म १७५६ साली बारदेसातील कांदोळी गावी झाला. आईवडिलांचे पटले नाही. वडील धर्मगुरू झाले आणि आईने जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठाचा आश्रय घेतला. १७७१ साली वडिलांनी मुलाला लिस्बनला नेले. तेथून तो रोमला गेला व १७८० साली धर्मगुरूची दीक्षा घेऊन परतला.

याच काळातील एक आख्यायिका आपल्याकडे घरोघर सांगतात. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन करण्याचा प्रसंग आला, तेव्हा तरुण फारियांची वाचाच बसली. तोच जवळच बसलेल्या वडिलांनी कोंकणीतून हळूच बजावले, की ही समोरची सारी मंडळी म्हणजे निव्वळ भाजी आहे, खुशाल काप! भीती पार पळाली आणि प्रवचन अस्खलित झाले. गोष्ट खरी असो वा नसो, घशाला पडलेली कोरड दोन शब्दांनी कशी जाते, हा प्रश्न मात्र फारियांच्या पुढील संशोधनाचा गाभाच होता.

१७८७ साली गोव्यात पिंटोंचे बंड उघडकीस आले आणि संशयाची छाया लिस्बनमधील या पितापुत्रांवरही पडली. १७८८ साली फारिया पॅरिसला गेले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धुमश्चक्रीत ते सापडले, नंतर काही काळ त्यांनी तत्त्वज्ञानाचे अध्यापन केले.

त्या दिवसांत भूल देणारे औषध नव्हते. रुग्णाला चार माणसांनी धरून ठेवावे व वैद्याने शक्य तितक्या घाईने शस्त्र चालवावे, एवढाच उपाय. अशा वेळी व्हिएन्नात नावारूपास आलेल्या मेस्मर नावाच्या वैद्याचा पंथ युरोपात गाजत होता. वैद्याच्या देहातून एक अदृश्य चुंबकीय द्रव रुग्णाच्या देहात वाहतो, असे त्याचे म्हणणे. १८१३ साली फारियांनी पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावर जाहीर प्रयोग सुरू केले आणि हा द्रवच नाकारला. ते माणसाला खुर्चीत स्वस्थ बसवीत, चित्त एकाग्र करावयास लावीत आणि निद्रेची एकच आज्ञा करीत. ही निद्रा निद्रिस्ताच्याच मनातून येते, असा त्यांचा सिद्धांत. मद्य समजून प्यालेल्या पाण्यानेही या अवस्थेत झिंग चढते, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. सर्वांनाच अशी निद्रा येत नाही, हेही त्यांनी प्रांजळपणे मान्य केले; त्याचे कारण त्यांनी रक्ताच्या पातळपणात शोधले, ते मात्र चुकले.

पॅरिसने त्यांची टवाळी केली. धर्ममार्तंडांना यात सैतान दिसला, मेस्मरपंथीयांना द्रोह दिसला. १८१६ साली तर त्यांच्यावर एक प्रहसनच रंगभूमीवर आले. प्रयोगांना येणारी गर्दी ओसरली. दारिद्र्यात त्यांनी आपला ग्रंथ लिहिला आणि तो प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, १८१९ च्या सप्टेंबरात, त्यांचे निधन झाले. मोंमार्त्रच्या दफनभूमीत त्यांचे थडगे कोणते, हे आज दाखविता येत नाही. पुढे ड्यूमाने आपल्या कादंबरीतील विद्वान कैद्याला फारिया हे नाव दिले व खरा फारिया अधिकच झाकला गेला.

१८४५ पासून हुगळी येथे जेम्स एस्डेल या स्कॉटिश शल्यवैद्याने अशाच निद्रेत शेकडो शस्त्रक्रिया केल्या, पण त्याची श्रद्धा त्या चुंबकीय द्रवावरच होती. १८४६ साली बोस्टनमध्ये ईथरचा प्रयोग यशस्वी झाला, पुढच्याच वर्षी क्लोरोफॉर्म आले आणि मोहनिद्रा मागे पडली. शब्दांच्या सूचनेने निद्रा आणण्याच्या पद्धतीचा पहिला मान फारियांचाच, हे नान्सी येथील डॉ. बेर्नहाइम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मान्य केले.

बेल्जियममधील लिएज येथील विद्यापीठाच्या रुग्णालयात १९९२ पासून कंठग्रंथीच्या कित्येक शस्त्रक्रिया संमोहनाच्या साहाय्याने झाल्या आहेत. कापावयाचा भाग औषधाने बधिर करतात, गुंगीचे औषध थोडेसेच देतात. आणि रुग्णाला त्याच्या आवडीच्या एखाद्या आठवणीत नेण्याचे काम उशाशी बसलेला भूलतज्ज्ञ हलक्या आवाजात, केवळ शब्दांनी करतो.