एडगर कॉड : तक्त्यांचा शास्त्रज्ञ

बँकेच्या खात्यांपासून विमानाच्या तिकिटांपर्यंत असंख्य नोंदी संगणकात तक्त्यांच्या रूपाने साठविल्या जातात. या व्यवस्थेमागील सिद्धान्त एडगर कॉड यांचा. १९ ऑगस्ट १९२३ रोजी इंग्लंडमधील पोर्टलंड बेटावर त्यांचा जन्म झाला. ऑक्सफर्डला गणित व रसायनशास्त्राचा अभ्यास, महायुद्धात हवाई दलात वैमानिक आणि नंतर अमेरिकेत ‘आयबीएम’मध्ये नोकरी, असा त्यांचा प्रवास. सिनेटर मॅकार्थी यांच्या राजकारणाला उबगून १९५३ साली ते कॅनडात गेले. पुढे काही वर्षांनी परतले.

त्या काळी माहिती झाडाच्या फांद्यांप्रमाणे रचलेली असे. हवी ती नोंद गाठण्याची वाट प्रोग्रामरनेच आखायची. रचना बदलली की प्रोग्रामही बदलायचे. १९७० च्या आपल्या निबंधात कॉड यांनी हे जोखड झुगारले. काय हवे ते माणसाने सांगावे, कसे शोधायचे ते यंत्राने ठरवावे, असा त्यांचा विचार होता. चालू उत्पादनाच्या चिंतेने ‘आयबीएम’ मात्र बराच काळ थंडच राहिली.

या विचारासाठी त्यांनी ‘अल्फा’ ही तर्कशास्त्रावर आधारलेली भाषा सुचविली होती. रूढ झाली ती त्यांचेच सहकारी चेंबरलिन व बॉइस यांची, इंग्रजी वळणाची भाषा. तीच आजची एसक्यूएल. १९७९ मध्ये ‘ओरॅकल’ने ती बाजारात आणली आणि १९८६ मध्ये तिला अमेरिकी मानकाचा दर्जा मिळाला. शिकण्यास सोपी हे तिचे बळ. पण कॉड समाधानी नव्हते. गणिती संचात एक घटक दोनदा येत नाही, एसक्यूएलच्या तक्त्यात तीच ओळ दोनदा येऊ शकते आणि बेरीज बिघडते. रिकाम्या जागांचा घोळ वेगळाच. दहा हजारांहून अधिक वेतन असलेल्यांची एक यादी मागा आणि तसे नसलेल्यांची दुसरी. ज्याचे वेतन नोंदलेलेच नाही, तो दोन्हींतून गायब! अर्थात ‘अज्ञात’ मूल्याचा आग्रह खुद्द कॉड यांचाच होता. त्यांचे निकटचे सहकारी ख्रिस डेट यांना तो कधीच पटला नाही, आणि डेट यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते.

१९८१ मध्ये कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध बारा नियम मांडले (मोजणी शून्यापासून असल्याने प्रत्यक्षात तेरा). १८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात त्यांचे निधन झाले. त्यानंतर काही वर्षांतच एसक्यूएलला फाटा देणाऱ्या ‘नोएसक्यूएल’ प्रणालींची लाट आली. त्यांपैकी ‘कॅसॅन्ड्रा’ने २०११ मध्ये एसक्यूएलच्याच धर्तीची भाषा स्वीकारली, दोन तक्ते जोडण्याची सोय मात्र तीत ठेवली नाही.