भास्कराचार्य आणि पाटणचा मठ

खानदेशात चाळीसगावजवळ, डोंगरांच्या कुशीत पाटण नावाचे एक प्राचीन स्थान आहे. पाटणादेवीच्या दर्शनासाठी तेथे अनेक यात्रेकरू जातात; परंतु एका थोर गणितज्ञाची स्मृती त्या भूमीत जपलेली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तो गणितज्ञ म्हणजे भास्कराचार्य.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ च्या सुमारास झाला. सह्याद्रीजवळचे विज्जडविड हे त्यांचे गाव. ते पाटणच्या परिसरातच असावे, असे काही संशोधक मानतात. इतरांचे मत निराळे आहे. त्यांचे वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग होत. केवळ नियम सांगून ते थांबले नाहीत. नियमामागील कारण विद्यार्थ्याला समजावे, म्हणून आपल्या ग्रंथावर त्यांनी स्वतःच भाष्य लिहिले.

पूर्वसूरींविषयी त्यांच्या मनात आदर होता; पण सत्याविषयीचा आदर त्याहून मोठा होता. लल्ल हे त्यांच्या आधी होऊन गेलेले विख्यात ज्योतिषी. गोलाच्या मध्यातून जाणाऱ्या वर्तुळाचे क्षेत्रफळ परिघाने गुणले की गोलाचे पृष्ठफळ मिळते, असे लल्लांनी सांगितले होते. क्षेत्रफळाला लांबीने गुणून पुन्हा क्षेत्रफळ कसे मिळेल? तरीही एवढ्या मोठ्या पंडिताला चूक म्हणावे कसे? भास्कराचार्य डगमगले नाहीत. चेंडूवर जाळे पसरावे, तसे गोलाच्या पृष्ठभागाचे त्यांनी लहान लहान भाग कल्पिले, त्यांची बेरीज केली आणि गोलाचे पृष्ठफळ त्या वर्तुळाच्या चौपट असते, हे दाखवून दिले. लल्लांची चूकही त्यांनी स्पष्टपणे नमूद केली.

वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षीही त्यांची लेखणी थांबली नव्हती. इ. स. ११८३ मध्ये त्यांनी ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ पूर्ण केला.

विद्या माणसाबरोबर नाहीशी होऊ नये, ही चिंता त्यांच्या वंशजांनी वाहिली. त्यांचे पुत्र लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपाळाच्या पदरी पंडित होते, तर नातू चांगदेव हे सिंघण राजाचे ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे, म्हणून चांगदेवांनी पाटणला मठ स्थापन केला. इ. स. १२०७ मध्ये निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्या मठाला दान दिले. बाजारातील मालाचा आणि तेलाच्या घाण्यांचा काही वाटाही मठासाठी नेमून दिलेला होता. राजाच्या दानाबरोबर व्यापाऱ्याच्या व तेल्याच्या श्रमांतूनही तेथील विद्या पोसली गेली.

पुढे मठ लयास गेला. पण ही सारी हकीकत कोरलेला शिलालेख टिकून राहिला. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. त्यापूर्वीच, इ. स. १५८७ मध्ये, ‘लीलावती’चे फारसी भाषांतर फैजीने केले होते.

इ. स. १९९० मध्ये जळगाव येथे विद्यापीठ स्थापन झाले. खानदेशातील मुलामुलींना आज तेथे विज्ञानाचे उच्च शिक्षण घेता येते. त्या भूमीत सुमारे आठ शतकांपूर्वीही गणित शिकवण्यासाठी एक घर उभे होते. त्या घराच्या भिंती पडल्या. परंतु थोरांचे म्हणणेही पारखून घ्यावे, हा तेथील आचार्यांचा धडा आजही ताजा आहे.