विश्लेषण : घरातच कार्यालय थाटताना डॉ. आंबेडकरांनी जागेचा प्रश्न कसा सोडवला?

काही दिवस घरून, काही दिवस कार्यालयातून अशा ‘हायब्रिड’ पद्धतीमुळे कंपन्यांचा माणशी एक टेबल हा हिशेब मागे पडत आहे. भंडारा, तुमसर, साकोलीत बसून नागपूर-पुण्यातील कंपनीचे काम करणाऱ्यांपुढे मात्र घरातल्या जागेचा प्रश्न आहे. १९५४ मध्ये भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हा प्रश्न विद्यार्थिदशेपासूनच पडला होता.

एका खोलीत अभ्यास कसा?

सुभेदार रामजी कुटुंबासह मुंबईत परळच्या डबक चाळीत राहायला आले, तेव्हा खोली एकच होती. स्वयंपाक, जळण, झोपणे सारे तिथेच. जागा वाढवता येत नव्हती, म्हणून वेळ वाटून घेतला गेला. रामजी मुलाला लवकर झोपवत आणि रात्री दोनच्या सुमारास उठवत. घर निजलेले असताना खोलीची अभ्यासिका होई. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. आज कार्यालयात एकच टेबल पाळीपाळीने वापरले जाते, त्यामागचे तत्त्व हेच.

घर आणि कार्यालय वेगळे का झाले?

पुढे कुटुंब परळच्याच बीआयटी चाळीत दोन खोल्यांत राहू लागले. १९२३ मध्ये बाबासाहेब लंडनहून बॅरिस्टर होऊन परतले, तसा पक्षकार, कार्यकर्ते, गाऱ्हाणी घेऊन येणाऱ्यांचा ओघ वाढला. जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. परळच्या दामोदर हॉलमध्ये तिचे कार्यालय थाटले गेले. लोकांना भेटण्यासाठी घराबाहेर हक्काची जागा झाली.

‘राजगृहा’ची आखणी कशी होती?

१९३०च्या दशकाच्या सुरुवातीला बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले. खालच्या मजल्यांवर कुटुंबाच्या खोल्या, वरच्या मजल्यावर ग्रंथालय आणि कार्यालय. घर आणि काम एका छताखाली आले, पण दोहोंत जिन्याचे अंतर राहिले. इथवर पोहोचण्याची किंमत रमाबाईंनीही मोजली. पती लंडनमध्ये शिकत असताना तुटपुंज्या पैशांत चाळीतला संसार त्यांनीच ओढला. नव्या घराचे सुख त्यांना फार काळ लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले.

भंडाऱ्यानंतर काय?

१९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर बाबासाहेब दिल्लीत २६, अलीपूर रोडवरील घरी राहू लागले. भंडाऱ्यात काँग्रेसच्या भाऊराव बोरकर यांच्याकडून त्यांचा पराभव झाला. राज्यसभेचे सदस्यत्व होतेच. प्रकृती खालावत असतानाही बुद्धांवरील ग्रंथाचे लेखन अलीपूर रोडच्या घरी सुरू राहिले. ६ डिसेंबर १९५६ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले.

आज याचा अर्थ काय?

एकाग्रतेचे काम आणि भेटीगाठींचे काम यांना वेगळी जागा लागते. हायब्रिड कार्यालयांत बैठकांच्या खोल्या वाढतात आणि टेबले कमी होतात, ते यामुळेच. पण कंपनीचे भाडे वाचते तेव्हा शांत कोपऱ्याचा खर्च कर्मचाऱ्याच्या घरावर पडतो. दोन खोल्यांच्या घरात तो कोपरा कुणाच्या तरी वाट्यातून कापला जातो. जागेचा आराखडा करताना त्या घराचाही हिशेब धरावा लागेल.