जिवावर बेतलेली सांकेतिक लिपी
मेरी स्टुअर्ट १५४२ मध्ये अवघ्या सहा दिवसांची असतानाच स्कॉटलंडची राणी झाली. १५६८ मध्ये सत्ता गमावून ती इंग्लंडच्या आश्रयाला गेली. पण राणी एलिझाबेथने तिला सुमारे १९ वर्षे कैदेत ठेवले.

ती सांकेतिक लिपीत गुप्त पत्रे पाठवत असे. बिअरच्या पिंपातून जाणारी ही पत्रे हेरांनी फोडली. एलिझाबेथच्या हत्येच्या कटात सामील असल्याच्या आरोपावरून ८ फेब्रुवारी १५८७ रोजी तिचा शिरच्छेद झाला.

तिची आणखी ५० हून अधिक पत्रे पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात इटालियन कागदपत्रे म्हणून पडून होती. वेगवेगळ्या देशांतील एक संगणकतज्ज्ञ, एक पियानोवादक आणि एक भौतिकशास्त्रज्ञ यांनी मिळून ती उलगडली. २०२३ मध्ये जगासमोर आली ती मुलाच्या अपहरणाने व्याकूळ झालेली आई.