हलकी गाडी, जड हिशेब

सक्करदरा तलावाच्या अलीकडच्या एका गल्लीत माझ्या ओळखीच्या मिस्त्रीचे गॅरेज आहे. वर पत्र्याचे छप्पर, खाली तेलाने काळी पडलेली फरशी आणि बसायला एक जुना टायर. बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझ्या सकाळच्या फेरीचा शेवट बहुधा त्या टायरवर होतो. मिस्त्री मला काकाजी म्हणतो आणि हातातले काम न थांबवता चहा मागवतो.

मागच्या पावसाळ्यात माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलाने हौसेने एक जुनी दोन आसनी स्पोर्ट्स कार विकत घेतली. उमरेड रोडवर गाडीचे पुढचे चाक थरथरू लागले, तेव्हा तो ती हळूहळू चालवत या गॅरेजपर्यंत घेऊन आला. मिस्त्रीने चाक उतरवले. पाचपैकी दोन स्टड तुटलेले होते, तिसऱ्याचे आटे घासून गेले होते. मुलाचे म्हणणे असे की तूर्त दोन नवे स्टड ठोकून द्या, रविवारी मित्रांबरोबर अमरावतीला जायचे आहे. मिस्त्रीने मान हलवली. पाचही स्टड बदलायचे आणि हबही बदलायचा, नाही तर गाडी दुसरीकडे न्या, असे त्याने शांतपणे सांगितले. मुलाचा चेहरा उतरला. हब नागपुरात मिळत नव्हता, आठवडा तरी लागणार होता आणि खर्च चौपट होणार होता.

बैलगाडीच्या चाकाला जसा तुंबा, तसा मोटारीच्या चाकाला हब. तो बेअरिंगवर फिरतो. त्याच्या तोंडावरच्या चकतीत स्टड दाबून बसवलेले असतात. त्यांवर चाक चढवायचे आणि नट आवळायचे. आपल्याला वाटते की गाडीचा भार त्या पाच स्टडांवर लटकलेला असतो. तसे नाही. नट नीट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि चाकाला हबवर दाबून धरतो. खरा भार पेलते ती त्या दाबातून येणारी पकड. नट सैल राहिला की पकड जाते आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला स्टड केसभर वाकतो. एका किलोमीटरला असे सुमारे ५०० फेरे होतात. लोखंडी तार वाकवून वाकवून तोडावी तसा स्टड एक दिवस तुटतो. दोन तुटले की उरलेल्या तिघांनी जास्तीचा भार सोसलेला असतो. वरून ते धडधाकट दिसतात, आतून थकलेले असतात. मिस्त्रीचा आग्रह एवढ्याचसाठी होता.

मला त्या टायरवर बसल्या बसल्या कॉलिन चॅपमन आठवला.

चॅपमनचा जन्म १९ मे १९२८ चा, लंडनजवळच्या रिचमंडचा. वडील उत्तर लंडनमधल्या हॉर्नसी भागात रेल्वे हॉटेल नावाची खानावळ चालवत. मुलगा युनिव्हर्सिटी कॉलेजात बांधकामाचे अभियांत्रिकी शिकला आणि विद्यार्थीदशेतच विमान उडवायलाही शिकला. पूल आणि विमान या दोन्हींत वजनाचा हिशेब काटेकोर लागतो. पुढे त्याने मोटारीकडे पाहिले ते याच नजरेने.

शिकत असतानाच तो जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करी. तो धंदा बसला तेव्हा हाती उरलेल्या जुन्या ऑस्टिन सेव्हनचे सुटे भाग करून, १९४८ मध्ये, हेझल विल्यम्स या मैत्रिणीच्या घरामागच्या गॅरेजात त्याने आपली पहिली स्पर्धेची गाडी जुळवली. १९५२ च्या १ जानेवारीला लोटस कंपनी सुरू झाली, ती हेझलने दिलेल्या २५ पौंडांवर आणि वडिलांच्या खानावळीमागच्या जुन्या तबेल्यात. हेझल पुढे त्याची पत्नी झाली. बँकेत मी लघुउद्योगांची कर्जप्रकरणे पुष्कळ पाहिली. इतक्या थोड्या भांडवलावर इतके मोठे नाव झालेले माझ्या तरी पाहण्यात नाही.

त्याचे सूत्र साधे होते. मोठे इंजिन बसवून गाडी पळवण्यापेक्षा तिचे वजन उतरवावे. हलकी गाडी वेग लवकर घेते, वळणावर कमी ओढली जाते, ब्रेक दाबल्यावर लवकर थांबते. एका भागाकडून दोन कामे करून घ्यायची आणि जो भाग काम करत नाही तो काढून टाकायचा. १९५७ ची लोटस एलिट ही फायबरग्लासच्या सांगाड्याची गाडी होती, तिला पोलादी चेसिस नव्हतीच. १९६२ च्या लोटस २५ मध्ये त्याने नळ्यांच्या सांगाड्याऐवजी पत्र्याची एकसंध पेटी बनवून तिच्यात चालकाला बसवले. पुढे सगळ्यांनीच तो मार्ग धरला. जिम क्लार्क त्याच्या गाडीत १९६३ आणि १९६५ मध्ये जगज्जेता झाला. चॅपमनच्या हयातीत लोटसने निर्मात्यांचे जगज्जेतेपद सात वेळा मिळवले.

पण या हिशेबाला दुसरी बाजू होती. २९ मे १९६० रोजी स्टर्लिंग मॉसने मोनॅकोत लोटस १८ या गाडीतून शर्यत जिंकली. जागतिक स्पर्धेतले लोटसचे ते पहिले यश. तीन आठवडेही झाले नव्हते, तोच बेल्जियममधील स्पा येथे सरावात, ताशी सुमारे सव्वादोनशे किलोमीटरच्या वेगात, मॉसच्या तशाच गाडीचा मागचा हब तुटला आणि चाक निखळले. मॉस गाडीबाहेर फेकला गेला. दोन्ही पाय मोडले, पाठीच्या मणक्यांना इजा झाली. त्याच दिवशी मायकेल टेलर या तरुणाच्या लोटसचा स्टिअरिंगचा दांडा जोडातून तुटला. तो वाचला, पण त्याची कारकीर्द संपली. दुसऱ्या दिवशीच्या शर्यतीत आणखी दोन तरुण चालक मेले. त्यांतला एक लोटसमध्येच होता, पण त्याच्या तोंडावर पक्षी आदळला होता. तो दोष गाडीच्या माथी मारता येत नाही. नवल असे की मॉस काही आठवड्यांत उठला आणि त्याच वर्षी पुन्हा लोटसमधूनच अमेरिकेतली शर्यत जिंकला. गाडी तितकी चांगली होती. म्हणून तर हा पेच सोपा नाही.

१९६८ मध्ये जर्मनीतल्या हॉकेनहाइम येथे जिम क्लार्क गेला, बहुधा मागच्या टायरमधली हवा गेल्याने. चॅपमनला तो धाकट्या भावासारखा होता. १९६९ मध्ये बार्सिलोनात लोटसच्या दोन गाड्यांचे मागचे पंख कोसळले आणि योखेन रिंट जखमी झाला. त्यानंतर रिंटने चॅपमनला पत्र लिहिले. गाड्या इतक्या वेगवान आहेत, तर त्यांतले थोडे पौंड वजन दुबळ्या भागांना बळकटी देण्यात खर्च करावे, असा त्याचा आशय होता. ५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीतील मोंझा येथे सरावातच रिंटचा मृत्यू झाला. त्याच्या लोटस ७२ मध्ये, चाकापाशी वजन नको म्हणून, पुढचे ब्रेक हबजवळून काढून गाडीच्या पोटात नेले होते. चाक आणि ब्रेक यांना जोडणारा दांडा तुटला. रस्त्याकडेचे कठडे नीट बसवलेले नव्हते, हेही मृत्यूचे कारण ठरले. त्या वर्षी त्याच्या गुणांना कोणीच गाठू शकले नाही आणि जगज्जेतेपद मृत माणसाला द्यावे लागले. असे त्या स्पर्धेच्या इतिहासात एकदाच घडले आहे.

आम्ही बँकवाले ताळेबंद वाचताना आधी गंगाजळी पाहतो. चांगल्या वर्षांत तो पैसा निरुपयोगी दिसतो, नुसता पडून असतो. वाईट वर्षात तोच पेढी तारतो. अभियंतेही प्रत्येक भागात अशी गंगाजळी ठेवतात. लागेल त्याहून थोडी जास्त ताकद. चॅपमनने अडगळ काढता काढता कधी कधी या गंगाजळीला हात घातला, असे मला वाटते. जिंकला की श्रेय त्याला मिळे. चुकला की किंमत चाकामागे बसलेला भरे.

शेवटी त्याच्या जमाखर्चातही तसेच झाले. ब्रिटिश सरकारच्या पैशावर उत्तर आयर्लंडमध्ये उभ्या राहिलेल्या डिलोरियन मोटारीचे अभियांत्रिकी काम १९७८ मध्ये लोटसकडे आले. त्या कामाचे सुमारे पावणेदोन कोटी डॉलर पनामात नोंदलेल्या एका कंपनीमार्गे भलतीकडे गेले. डिलोरियन बुडाली आणि चौकशी सुरू झाली. १६ डिसेंबर १९८२ रोजी चॅपमन हृदयविकाराने गेला. वय अवघे ५४. त्याच्यावर खटला चाललाच नाही. मात्र १९९२ मध्ये लोटसचा वित्तप्रमुख फ्रेड बुशेल याला तीन वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा चॅपमन हयात असता तर त्याला किमान दहा वर्षे मिळाली असती, असे न्यायाधीशांनी नमूद केले. इथेही भरपाई मागे राहिलेल्याने केली.

सक्करदऱ्यातल्या त्या मुलाला यातले थोडेसेच मी सांगितले. बाकीचे काम त्या तुटलेल्या स्टडने केले. मिस्त्रीने तो उन्हात धरून दाखवला. तुटलेल्या तोंडाचा बराच भाग गुळगुळीत होता, तळ्याकाठी पाणी ओसरताना उमटतात तशा रेषांचा. तेवढा भाग कित्येक दिवस थोडा थोडा तुटत आला होता. कडेचा खरखरीत तुकडा तेवढा शेवटच्या क्षणी गेला होता. मुलगा तो तुकडा बराच वेळ हातात फिरवत राहिला. मग त्याने खिशातून फोन काढला आणि अमरावतीचा बेत पुढे ढकलला.

हब आला नवव्या दिवशी. मिस्त्रीने नट समोरासमोरचे, एकाआड एक असे, मापाच्या पान्याने आवळले. शंभर किलोमीटर चालवून परत या, असे बजावले. मुलगा आला तेव्हा मी टायरवर होतोच. पाचपैकी एक नट पाव फेरा आणखी बसला. मिस्त्रीने त्याचे पैसे घेतले नाहीत.