पलुस्करबुवांची नजर

पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर म्हटलं की आपल्याला गांधर्व महाविद्यालय आठवतं, मुलींच्या गाण्याच्या परीक्षा आठवतात. पण मैत्रिणींनो, ते गाण्याकडे वळले ते डोळ्यांमुळे, हे किती जणींना ठाऊक असेल?

त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ चा, कुरुंदवाडचा. वडील दिगंबरपंत कीर्तनकार. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाजवळ फुटला आणि दोन्ही डोळ्यांना इजा झाली. गावात उपचारांची सोय नव्हती. पुढे मिरजेला डॉ. भडभडे यांचे उपचार झाले. थोडंफार दिसू लागलं, पण शिक्षण पुरं करण्याइतकी नजर काही आली नाही. त्या आईच्या जिवाचं काय झालं असेल, ते आपणच जाणू शकतो! गळा गोड होता, म्हणून मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला ठेवलं.

१८९६ साली ते मिरज सोडून बाहेर पडले. गवयाला मान नव्हता, घरंदाज घरातल्या मुलींना तर गाणं वर्ज्यच. बुवांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. १९०८ मध्ये मुंबईला शाखा निघाली. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास हे त्यांचेच शिष्य. संसारात मात्र दुःखच फार. बारा मुलांपैकी एकटे दत्तात्रेय जगले, तेच आपले डी. व्ही. पलुस्कर. २१ ऑगस्ट १९३१ रोजी बुवा मिरजेलाच गेले.

बुवांच्या जन्माआधी, १८५७ मध्येच, जर्मनीत ग्राफे नावाच्या डॉक्टरांनी काचबिंदूवर शस्त्रक्रिया सुरू केली होती. पण कुरुंदवाडला तेव्हा तसलं काही कुठलं! आज सोय आहे, तरी आपण जात नाही. डोळ्याला फटाका, चेंडू, विटी लागली, लाली उतरली की आपण विसरतो. अशा माराने डोळ्यातलं पाणी वाहून जाण्याची वाट बिघडू शकते, आणि कित्येक वर्षांनीही आतला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो.

आमच्या बिबवेवाडीत नेत्रतपासणीला येणाऱ्या बायका मोतीबिंदू आणि काचबिंदू एकच समजतात. मोतीबिंदू काढला की पुन्हा दिसतं. काचबिंदूत डोळ्यामागची नस सुकते, गेलेली नजर परत येत नाही. बहुतेकदा दुखतही नाही. आधी कडेचं दिसेनासं होतं, समोरचं दिसत राहतं, त्यामुळे कळतच नाही. एक प्रकार अचानक येतो, आणि तो बायकांमध्येच जास्त आढळतो. डोळा लाल, कपाळ ठणकतं, उलट्या, दिव्याभोवती रंगीत कडी. आपण पित्त म्हणून आलं-लिंबू घेत बसतो. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवा.

चाळिशीनंतर दर वर्षा-दोन वर्षांनी डोळे तपासावेत. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल, लहानपणी डोळ्याला मार लागला असेल, किंवा दुकानातून स्टिरॉइडचे थेंब आणून घालायची सवय असेल, तर चाळिशीचीही वाट पाहू नये. नुसता चष्म्याचा नंबर काढून घरी येऊ नका. डोळ्याचा दाब आणि मागची नस, दोन्ही बघायला सांगा, कारण दाब ठीक असूनही काहींची नस सुकते. थेंब सुरू झाले, की बरं वाटतंय म्हणून परस्पर बंद करायचे नाहीत. ते बहुधा जन्मभराचे असतात, बीपीच्या गोळीसारखे.