पोरीला कुठे घालू? बाळंभटदादांना विचारू या

परवा बचत गटाची बैठक आटोपली, वह्या बंद झाल्या आणि निघता निघता शेजारच्या वहिनींनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीला जिम्नॅस्टिक शिकायचंय. टीव्हीवर बघून पोर पलंगावरून उड्या मारते, दाराच्या चौकटीला लोंबकळते. आमच्या सोयगावात एक निवृत्त खेळाचे सर मल्लखांब शिकवतात. लिंबाखाली पुरलेला खांब, शेजारी टांगलेला दोर, खाली जाड गाद्या, बस्स. दुसरीकडे, एसटीने तासभर गेलं की नवाकोरा हॉल. आरसे, रंगीत गाद्या, आणि महिनाभरात पोर गॅदरिंगला स्टेजवर. वहिनींचा कल हॉलकडे होता, पण मला विचारल्याशिवाय त्यांना करमेना.

मी लगेच काही बोलले नाही. या प्रश्नावर मी एकदा चुकलेली आहे. माझी मुलगी नऊ वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत शहरातल्या एका शिबिरात मी तिला घातलं. फी भरली आणि बाहेर बाकावर गप्पा मारत बसले. आत काय चाललंय ते डोकावून बघितलंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी ती वरून पडली, तेव्हा शिकवणारे फोनवर बोलत होते. मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. हाड जुळलं, पण त्यानंतर मी तिला कुठल्याच खेळाला जाऊ दिलं नाही. पहिली चूक घाईची होती, दुसरी भीतीची. मला दुसरी जास्त सलते.

त्या रात्री भाकऱ्या थापताना मला बाळंभटदादा देवधर आठवले. मल्लखांब आज आपण ज्या रूपात बघतो, तो त्यांनी पुन्हा उभा केला. खांबावरचा व्यायाम तसा फार जुना. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांच्या या मेहनतीचा उल्लेख आहे. मधे ही विद्या मागे पडली होती.

बाळंभटदादा नाशिककडच्या कोठुऱ्याचे, दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी व्यायाम शिकवायला होते. पुण्याच्या दरबारात निजामाकडचे दोन पहिलवान आले, अली आणि गुलाब. त्यांनी कुस्तीचं आव्हान दिलं आणि म्हणे कोणी पुढेच होईना. बाळंभटदादा तेव्हा वयाने लहान, अंगाने बेताचे. त्यांनी आव्हान घेतलं, पण तयारीसाठी मुदत मागून घेतली. या गोष्टीत मला सगळ्यात आवडतो तो हा भाग. भर दरबारात वेळ मागायलाही छाती लागते.

मग ते वणीच्या सप्तशृंगी गडावर गेले. आपल्यातल्या कितीतरी जणी नवरात्रात, चैत्रात तिथे जातात. तिथे देवीची उपासना केली, हनुमंताने वानररूपात येऊन लाकडाच्या खांबावरचे डाव दाखवले, अशी कथा सांगतात. श्रद्धेने ऐकावी अशीच आहे. मला आपलं वाटतं, गडावरची वानरं झाडाला पायाची मिठी घालून कशी चढतात, कशी सुटतात, हे त्यांनी दिवसदिवस बघितलं असेल. काही असो, ते परत आले ते तयार होऊन. अलीला चीत केलं आणि ते बघून गुलाब लढायलाच उतरला नाही.

नुसती जिंकलेली कुस्ती लोक विसरले असते. दादांनी हाती आलेली विद्या शिकवायला घेतली. १८१८ साली पेशवाई बुडाली. बाजीरावांना इंग्रजांनी कानपूरजवळच्या ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला पाठवलं. दादाही तिकडे गेले. पुण्याचा थाट संपला होता, आखाडा मात्र चालू राहिला. नानासाहेब, तात्या टोपे त्यांच्या हाताखाली घडले असं परंपरा सांगते. आणि त्यांच्याबरोबर मोरोपंत तांब्यांची आईविना वाढणारी मनूसुद्धा. १८४२ साली लग्न होऊन ती झाशीची राणी लक्ष्मीबाई झाली. मुलीने मल्लखांब केला तर तिचं कसं होईल, असं आमच्या गटात कोणी विचारलं की मी एवढंच सांगते.

पुढे काशीतही दादांची परंपरा रुजली. तिथे खांबाचं लाकूड मिळेना, तेव्हा वेत टांगून त्यावर डाव बसवले गेले, असं सांगतात. हे काम कोंडभटनाना गोडबोले आणि दामोदरगुरू मोघे या शिष्यपरंपरेतल्या मंडळींचं. त्या वेताच्या जागी पुढे सुती दोर आला. आज हजारो मुली ज्या दोरीच्या मल्लखांबावर खेळतात, त्याचं मूळ असं अडचणीत आहे. खांब नाही म्हणून शिकवणं थांबलं नाही. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मल्लखांब दाखवला आणि २०१९ साली मुंबईत शिवाजी पार्कला जागतिक स्पर्धा झाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वहिनींना घेऊन लिंबाखाली गेले. फीचं विचारूच नका, आधी तासभर नुसतं बसा, असं त्यांना बजावलं. सर आधी सगळ्यांचं अंग मोकळं करून घेत होते. वर चढलेल्या पोराच्या खाली त्यांचे हात तयार, नजर त्याच्यावरच. एका वेळी खांबावर एकच मूल, बाकीचे रांगेत. एका मुलाला ताप होता, त्याला बसवून ठेवलं, तो रडला तरी चढू दिलं नाही. मोठ्या मुली धाकट्यांच्या तळव्यांना राळ लावून देत होत्या. मग रविवारी आम्ही त्या हॉललाही गेलो. वाईट काही नव्हतं. गाद्या तर छानच. पण तीसेक मुलांना एकच ताई होती, आणि आम्हाला काचेबाहेर थांबायला सांगितलं. परतताना एसटीत वहिनी गप्पच होत्या. उतरल्यावर म्हणाल्या, की लिंबाखालीच घालू.

आता तीन आठवडे झाले. पोर अजून सलामी आणि साधी अढीच करतेय, पुढचं काही नाही. वहिनींची कुरकुर सुरू झाली आहे, की शेजारची मुलगी हॉलमध्ये कोलांटी शिकलीसुद्धा. मी त्यांना मुदत मागणाऱ्या बाळंभटदादांची गोष्ट पुन्हा ऐकवली. त्या हसल्या, पण पटलंय असं वाटत नाही.

गेल्या आठवड्यात माझी मुलगी कॉलेजच्या सुट्टीत घरी आली. वीस वर्षांची आहे आता. माझ्याबरोबर सहज म्हणून लिंबाखाली आली आणि पोरं गेल्यावर दोराला हात लावून उभी राहिली. माझ्या पोटात धस्स झालं, पण मी तोंड बंद ठेवलं. सरांनी तिला आधी हातातल्या बांगड्या आणि अंगठी काढायला लावली. ती तिने माझ्या हातात दिली.